सेकंड डिकॉक्शनचं मंगळ

रेकॉर्ड घरी आली तेव्हा ती लावायला घरात काहीच नव्हतं. काळी, ताटाएवढी तबकडी. ती आम्ही मायलेकी नुसती मांडीवर घेऊन बसत होतो आणि परत पाकिटात घालत होतो. पाकिटावर आम्ही तिघं आहोत. मधे मी, म्हणजे माझे केस आणि एक कोपर, कारण बाकीची मी ड्रमसेटच्या मागे आहे. डावीकडे जोसेफ, गिटार गळ्याशी इतकी वर बांधलेली की हनुवटी टेकेल. उजवीकडे बेस गिटार घेतलेला कण्णन, आणि त्याची पँट थोरल्या भावाची आहे हे फोटोतही लपत नाही. वर इंग्रजीत बँडचं नाव, सेकंड डिकॉक्शन. खाली बारीक अक्षरांत, तंजावूर.

आईने चष्मा चढवून पाहिलं. "ही कोण ग?"

"मीच की, आई."

"केंस विंचरले नव्हतेस," आई म्हणाली आणि पाकीट पदराने पुसून मला परत दिलं.

बेंगळुरूला काही तरुण मुलांनी एक लहानशी कंपनी काढली आहे. आपल्याकडच्या जुन्या रॉक बँडांच्या, कुणी कधी न छापलेल्या कार्यक्रमांच्या टेपा ते शोधतात, त्यांची धूळ झाडतात आणि तीस-तीस वर्षांनी त्या रेकॉर्डी करून बाजारात आणतात. त्यांतल्या निवेदिताने मला पहिल्यांदा फोन केला तेव्हा मी कॉलेजात प्रयोगवहीवर सह्या करत होते. तिने बँडचं नाव घेतलं आणि विचारलं की त्या ड्रम वाजवणाऱ्या बाई तुम्हीच का. मी म्हटलं, होय. इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारल्यावर माझा आवाज असा चढला की पुढच्या टेबलावरच्या बाईंनी वळून पाहिलं.

नावाची गोष्ट सोपी आहे. आमच्या घरांतून कॉफीचं पहिलं, दाट डिकॉक्शन वडिलांचं आणि पाहुण्यांचं. त्याच पुडीवर पुन्हा उकळतं पाणी ओतून जे फिकं उतरायचं ते आम्हा पोरांचं. कण्णन म्हणायचा, मद्रासच्या बँडांना सगळं पहिलं मिळतं, गिटारी, पुस्तकं, परदेशी कॅसेटी. आपल्यापर्यंत येतं ते दुसऱ्या पाण्याचं. मग नाव तेच ठेवलं. आणि मी आज सांगते, त्या दुसऱ्या पाण्याची चव काही औरच होती.

नव्वदीचे पहिले दिवस होते. केबलवाला राजरस्त्यावर या गच्चीवरून त्या गच्चीवर काळी वायर ओढत फिरत होता, कोपऱ्याकोपऱ्यावर पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ उगवत होते, आणि मामा-काकांच्या घरी अचानक रंगीत टीव्ही येत होते. जोसेफ चर्चमध्ये गिटार वाजवायचा. केबलवाल्याच्या घरी बसून तो परदेशी गिटारवाल्यांची बोटं बघायचा आणि रविवारी प्रार्थनेत हळूच तेच घुसवायचा. फादरला ते कळायचं. फादर गालात हसायचे, बोलायचे नाहीत.

कीळवासलला कण्णनच्या मामांची भातगिरणी होती. तिच्या गोदामात आमचा सराव. गिरणी चालू असली तर आमचं आम्हाला ऐकू यायचं नाही, आणि वीज गेली की गिरणी थांबायची पण गिटारही मुकी व्हायची. म्हणून रविवार, गिरणीची सुट्टी. आजही कुठे उकड्या भाताची वाफ नाकात शिरली, ओल्या कोंड्याचा तो आंबूस, गरम वास आला, की माझा उजवा पाय जमिनीवर ठोका धरतो. ड्रमसेट आमचा नव्हताच. तिरुवैयारूच्या एका लाईट म्युझिक पार्टीचा, म्हणजे लग्नांत सिनेमाची गाणी वाजवणाऱ्यांचा होता, लग्नसराई नसली की मिळायचा. मोठा ड्रम टाउन बसमध्ये मागच्या दाराशी. कंडक्टरने त्याला लगेज तिकीट फाडलं, आणि मग वाटभर त्याच्यावरच कोपर टेकून उभा राहिला.

मुलगी ड्रम वाजवते याचं आमच्या नातेवाइकांत कौतुक कमी आणि काळजी जास्त. पण माझ्या हातात लय आली ती कुठल्या परदेशी कॅसेटीतून नाही. अप्पांच्या मागे उभं राहून आली.

अप्पा, माझे वडील, ओरत्तनाडूला सरकारी ऑफिसात कारकून होते. रोज सकाळी डबा आणि छत्री घेऊन बसने जायचे. आणि एकादशीला, रामनवमीला, मठात मराठी कीर्तन करायचे. तंजावूरात मराठी बोलणारी घरं पुष्कळ, पण बोलणं निराळं आणि उभं राहून साकी, दिंडी म्हणणं निराळं. अप्पा पदं मराठीत म्हणायचे, अर्थ तमिळमध्ये सांगायचे, विनोद दोन्ही भाषांत करायचे. मला दोन कामं होती. पद आठवेना तर जुन्या वहीतून पुढची ओळ हळूच सांगायची, म्हणून मला देवनागरी येते. माझ्या बरोबरीच्या कितीतरी चुलत-मावस भावंडांना येत नाही. दुसरं काम टाळ धरायचं. आमच्याकडे त्याला जाल्रा म्हणतात. मृदंगवाला इकडेतिकडे खेळायला मोकळा असायचा, कारण जाल्रा हलायची नाही. हात भरून यायचे, मनगटात मुंग्या यायच्या, पण अप्पांची कथा संपेपर्यंत हात खाली आला नाही. याचा मला तेव्हाही अभिमान होता.

मठातल्या त्या संध्याकाळी मला वासांनी आठवतात. कदंबाची, म्हणजे मिसळ फुलापानांची माळ, तिच्यातला मरवा आणि दवणा. समईचं तेल. मागच्या स्वयंपाकघरातून प्रसादाच्या सुंडलला, उकडलेल्या हरभऱ्यांना दिलेली मोहरी-हिंगाची फोडणी. त्या फोडणीशी आई असायची. आईने अप्पांचं कीर्तन जन्मभर ऐकलं ते भिंतीआडून, कढईच्या चरचरीतून. मधेमधे झारा थांबायचा. तेव्हा आम्ही समजायचो की आईला आवडणारं पद आलं.

अप्पा गाताना डोळे मिटायचे नाहीत. समोरच्यांची तोंडं बघत बघत गायचे. कुणी पेंगला की लय चढवायचे, कुणाचे डोळे भरले की तिथेच घोटाळायचे. म्हणूनच असेल, टेपचा त्यांना मनापासून राग. माझा आत्तेभाऊ वेंकू अण्णा सिंगापूरला नोकरीला होता. एका सुट्टीत त्याने तिकडून मोठा टेपरेकॉर्डर आणला आणि कौतुकाने मठात अप्पांच्या पायाशी नेऊन ठेवला. लाल दिवा लागला. अप्पा चिपळ्या हातात धरून उभे राहिले, पण तोंड उघडेनात.

"काय होलं, मामा?" वेंकू अण्णाने विचारलं.

"तें उचल."

"तुमचा आवाज राहील की, मामा."

"जो समोर बसला आहे, त्यासाठीं म्हणतों मी," अप्पा म्हणाले. आवाज चढला नव्हता. "मागून कोण ऐकेल, तें मज काय ठाऊक? त्याचं तोंड मज दिसत नाहीं. न दिसणाऱ्या माणसास काय म्हणून गाऊं?"

टेप उचलला गेला. त्यानंतर अनेकांनी मागितलं, रेडिओवाल्या ओळखीच्या माणसानेही मागितलं. अप्पांचं उत्तर तेच. घरात त्यांचे फोटो आहेत, अंगरखा आहे, चिपळ्या आहेत. आवाज नाही. त्यांना जाऊनही आता फार वर्षं झाली, आणि माझ्या मुलाने आजोबांचा आवाज कसा होता विचारलं तर मी नक्कल करून दाखवायची, तीही दर वेळी थोडी वेगळी व्हायची.

आमच्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी अप्पा जेवायला बसले होते. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात आम्हाला शेवटची वेळ मिळाली होती आणि मी घरभर नाचत होते.

"उद्यां मंगळ कोण म्हणतो?" अप्पांनी विचारलं.

मंगळ म्हणजे शेवटचं गाणं. ऐकणाऱ्यांचं, म्हणणाऱ्यांचं, गावाचं भलं होवो म्हणणारं. आमच्याकडे कथा असो की कचेरी, म्हणजे गाण्याची मैफल, मंगळाशिवाय कुणी उठत नाही. मी म्हटलं, "कोणी नाहीं, अप्पा. हा तसला कार्यक्रम नव्हे."

अप्पांचा भात कालवणारा हात थांबला. "तसला म्हणजे कसला? लोक येऊन बसतात कीं नाहीं?"

"बसतात."

"मग त्यांस उठवाल कसे? मंगळ न म्हणतां कोणी कोणास घरीं धाडतं का?"

आईने सांबार वाढलं आणि ते बोलणं तिथेच राहिलं.

दुसऱ्या दिवशी कॉलेजचं मैदान. ऊन उतरत होतं, पत्र्याच्या घडीच्या खुर्च्या मांडल्या जात होत्या, पाहुण्यांसाठी आणलेल्या कदंबाच्या माळा टेबलावर होत्या आणि त्यांच्या वासात जनरेटरचा धूर मिसळला होता. वेंकू अण्णा पुन्हा सुट्टीवर आला होता. मठात नाकारलेला टेप त्याने माझ्या ड्रमशेजारी स्टुलावर ठेवला आणि माइक एका छत्रीच्या दांड्याला बांधला. निवेदिता सांगते, त्या छत्रीनेच सगळं वाचवलं, नाहीतर गोंगाटाशिवाय काही ऐकू आलं नसतं.

मी काड्या एकमेकींवर आपटल्या आणि मोजलं. येक, दोन, तीन, चार. मराठीत. मला दुसऱ्या कुठल्या भाषेत लय मोजता येत नाही. निवेदिताने विचारलं होतं, हे काय म्हटलंय तुम्ही, काही मंत्र आहे का.

आमची स्वतःची गाणी थोडीच होती. 'टाउन बस' होतं, जोसेफचं, सारखं थांबत आणि सुटत जाणारं. 'पॉवर कट' होतं. त्याच्या मध्यावर आम्ही तिघं एकदम थांबायचो, ठरवून. लोकांना वाटलं वीज खरंच गेली. टेपवर ते ऐकू येतं, सगळ्या मैदानाचा तो ओळखीचा, कंटाळलेला "ओऽऽ", मागून कुणीतरी इलेक्ट्रिशियनला हाक मारतंय, आणि मग आम्ही पुन्हा सुरू झाल्यावर उठलेला हशा. मी ड्रमवरून समोर बघत होते. बाजारातल्या तंजावूरी बाहुल्यांसारख्या माना डुलत होत्या, प्राध्यापकांच्यासुद्धा. कण्णनने नुसती ऐट म्हणून काळा चष्मा घातला होता आणि त्याला तारा दिसत नव्हत्या. आणि तरी आम्ही चांगले वाजवत होतो. हे मी आठवणीच्या भरवशावर म्हणत नाही, आता रेकॉर्डच आहे. निवेदिताने विचारलं की त्या काळातले बाकीचे ड्रमवाले असे समेवर येत नाहीत, तुम्ही हे कुठे शिकलात. मी म्हटलं, मठात.

शेवटचं गाणं संपलं. टाळ्या, शिट्ट्या, मग खुर्च्या सरकल्याचा आवाज. लोक उठायला लागले. मी झांजेचा स्क्रू सोडवायला हात घातला, आणि पाहते तर अप्पा स्टेजवर. ऑफिसातून थेट आलेले. एका हातात डब्याची पिशवी, काखेत छत्री. त्यांनी पिशवी जोसेफच्या पायाशी ठेवली, त्याच्यापुढचा माइक स्वतःच्या उंचीला वाकवला आणि माझ्याकडे वळले.

"हात काढूं नको," म्हणाले. "मंगळ राहिलं."

आणि सुरू केलं. मध्यमावती. कार्यक्रमात काही कमीजास्त झालं असेल तर हा राग ते सावरून घेतो, असं आमच्याकडे मानतात. माझ्यापुढे जाल्रा नव्हती, पण ड्रमसेटला एकमेकींकडे तोंड करून बसवलेल्या दोन झांजा असतात, पायाने उघडतात आणि मिटतात. त्या क्षणापर्यंत माझ्या लक्षातच आलं नव्हतं की ही जाल्राच आहे, फक्त दांडीवर चढवलेली. मी पाय दिला. कण्णनने चष्मा काढला आणि सगळ्यांत जाड तारेवर एकच स्वर तंबोऱ्यासारखा धरून ठेवला. रागाला पाचच स्वर, जोसेफला ते सापडायला वेळ लागला नाही. आधी तो अप्पांच्या मागे मागे होता. दुसऱ्या कडव्याला अप्पांनी थांबून त्याच्याकडे मान हलवली, घे. आणि जोसेफने घेतलं. चर्चची सगळी प्रार्थना आणि केबलवाल्याच्या घरची सगळी बोटं त्याने त्या मंगळात ओतली.

पुढच्या रांगेत कुणीतरी हसलं होतं, ते थांबलं. आणि खुर्च्या परत सरकल्या. निघालेली मुलं परत येऊन बसली. अप्पा त्यांची तोंडं बघत गात होते, मठात बघायचे तसेच.

बसने घरी जाताना अप्पा खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "घाई करतेस. पण हात आपल्या घरचा आहे."

मला पुढे विद्यापीठाचं पदक मिळालं, नोकरी मिळाली, बढत्या मिळाल्या. त्या वाक्याच्या तोडीचं काही मिळालं नाही.

बँड पुढे आपोआप विरला. जोसेफ कॅनडाला गेला, कण्णनने गिरणी सांभाळली, मी फिजिक्स शिकवायला लागले. वेंकू अण्णा सिंगापुरातच राहिला आणि तिथेच गेला. त्याची बायको घर आवरत होती, तिला बिस्किटांच्या डब्यात ती कॅसेट सापडली. तिच्या मुलाने ती निवेदिताकडे पोचवली. आम्ही सगळे समजत होतो की टेप शेवटच्या गाण्याबरोबर संपली असणार.

निवेदिताने साफसूफ केलेलं रेकॉर्डिंग फोनवर पाठवलं. मी एकटीच ऐकत होते. टाळ्या, खुर्च्या, आणि मग, "हात काढूं नको. मंगळ राहिलं."

मी फोन बंद केला. उठून पाणी प्यायले. परत लावला. अप्पा गात होते. मी करत आलेली नक्कल साफ चुकीची होती. आवाज त्याहून पातळ होता, आणि त्याहून कितीतरी तरुण. तेव्हा ते आजच्या माझ्याहून लहान होते.

निवेदिताला रेकॉर्डच्या शेवटी हेच हवं होतं. ती म्हणाली, असा शेवट आमच्या कुठल्याही रेकॉर्डवर नाही. जोसेफने कॅनडाहून कळवलं, जागा कमी पडली तर माझं 'टाउन बस' काढा, पण मंगळ ठेवा. आणि मला तर ते दुनियेला ऐकवायचं होतं. गच्चीवर उभं राहून ऐकवायचं होतं.

आईला विचारलं. ऐकव म्हणाली नाही. फोनकडे बघितलंसुद्धा नाही.

"त्यांस नक्को होतं," आई म्हणाली. "अस्के जण मागत होते, कोणासही दिलं नाहीं. आतां ते नाहींत म्हणून आपण द्यायचं का?"

मठातला तो लाल दिवा, उचललेला टेप, सगळं मी डोळ्यांनी पाहिलं होतं. न दिसणाऱ्या माणसास काय म्हणून गाऊं. दोन दिवसांनी निवेदिताला कळवलं की मंगळ काढा. ती वाद घालत बसली नाही, तुमच्या घरची गोष्ट आहे म्हणाली. मी एकच मागितलं. कापणारच आहात तर घरात ठेवायला मूळ टेप द्या, कॅसेट संपेपर्यंतची, काही साफ न करता.

ती टेप फोनवर आली तेव्हा आई स्वयंपाकघरात शेवग्याचा पाला निवडत बसली होती. मी शेजारी बसले आणि फोन जमिनीवर ठेवला. ऐकणार का, असं विचारलं नाही. नको म्हणाली असती तर बंद केला असता. ती काड्यांवरून पानं ओरबाडत राहिली. मंगळ झालं. टाळ्या झाल्या. निवेदिताने आधी पाठवलेलं टाळ्यांतच हळूहळू मिटत गेलं होतं. हे मिटलं नाही. खुर्च्या आता खरोखरच सरकल्या. कुणीतरी वायर गुंडाळतंय. जनरेटर खोकला आणि बंद पडला. आणि मग माइकच्या अगदी जवळ, वेंकू अण्णाचा भ्यालेला आवाज.

"मामा, हा चालूच राहिला. पुसून टाकूं का?"

नुसती टेपची खरखर. छत्री जमिनीवर टेकल्याचा आवाज. आणि मग अप्पा, थकलेले, अगदी घरातल्या आवाजात.

"असूं दे रे. मागून कोण तरी ऐकेल."

खट्. टेप संपली.

मी तेव्हा ड्रम उचलून बाहेर नेत असणार. वेंकू अण्णाने हे आम्हाला कधीच का सांगितलं नाही, ते विचारायला आता तोही नाही. आईचे हात पाल्यात तसेच होते. बाहेर फुलवाली ओरडत गेली, तिच्या टोपलीतला मरवा आतपर्यंत दरवळला.

"असूं दे म्हणाले कीं," आई म्हणाली.

"होय."

"मग असूं दे." तिने पुढची काडी उचलली. "तें बोलणंही असूं दे."

काल कण्णन मुलाकडचा प्लेयर घेऊन आला. केस पांढरे, पण पँट आता स्वतःची. आई खुर्ची ओढून अगदी पुढे बसली. 'टाउन बस' तिने निमूट सोसलं, 'पॉवर कट' मध्यावर थांबलं तेव्हा वर पंख्याकडे बघितलं. मग खुर्च्या सरकल्या, अप्पांनी मला हात काढू नको म्हणून सांगितलं आणि मंगळ सुरू झालं. आई हलली नाही. कढई नाही, झारा नाही, मधे भिंत नाही. मी माझ्या मांडीवर बोटांनी ठोका धरला होता, तो माझा मला नंतर कळला.

वेंकू अण्णाने विचारलं. अप्पांनी उत्तर दिलं. सुई शेवटच्या रेघेत फिरत राहिली आणि कण्णन ती उचलायला उठला.

"बस रे," आई त्याला म्हणाली. मग माझ्याकडे वळली.

"परत लाव. मी समोर बसलें आहें."